इंग्रजांचा चहा आणि तुमची पत्रं

गेल्या अंकात मी आमच्या वॉर्डातल्या चहाच्या गाडीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि या महिन्यात जवळजवळ सगळी पत्रं चहावरचीच आली. नव्या वाचकांसाठी सांगते. मी मूळची मिरजेची, लग्नानंतर यॉर्कशायरला आले आणि इथल्या एका सरकारी रुग्णालयात वॉर्डातलं चहापाणी, जेवणखाण बघते. दिवसभर इंग्रजांना चहा करून द्यायचा हेच माझं काम, त्यामुळे या विषयावर मी हक्कानं बोलते. लांबलेली पत्रं थोडक्यात दिली आहेत.

ताई, माझी सून इंग्लंडची, डार्बीशायरची. गणपतीला दोघं येणार आहेत. मागच्या खेपेला मी आलं-वेलची घालून मनापासून चहा केला, तर तिनं दोन घोट घेतले आणि कप तसाच ठेवला. मुलगा म्हणतो, "आई, तिला प्रॉपर टी लागतो." म्हणजे नेमका कसला? आणि तो सांगलीत कसा करायचा? — एक सासू, सांगली

ताई, आधी मनातली रुखरुख काढून टाका. तिनं तुमचा पाहुणचार नाकारला नाही, तिच्या जिभेला ते पेयच निराळं लागलं. आपण पाणी, दूध, साखर, पूड सगळं एकत्र उकळतो. तिच्या माहेरी चहाचं पान फक्त उकळत्या पाण्यात मुरतं. दूध शेवटी, गार, आणि तेही थोडंसं. साखर ज्याची त्यानं घ्यायची. वेलची, आलं, गवती चहा यांतलं काही नाही.

कृती सांगते. चिनी मातीची किटली असेल तर उत्तम, नसेल तर घट्ट झाकणाचं भांडं चालेल. ताजं पाणी खळखळून उकळू द्या. त्यातलं थोडं किटलीत घालून, फिरवून, फेकून द्या, म्हणजे गार किटलीमुळे पाण्याचा ताव उतरत नाही. मग माणशी एक चमचा पूड घाला आणि उकळी असतानाच पाणी वरून ओता. बहुतेकांचं इथंच बिघडतं. गॅस बंद करतात, मग कप शोधतात, तेवढ्यात कुणाचा तरी फोन येतो, आणि पाणी निवतं. निवलेल्या पाण्यात रंग उतरतो, कस उतरत नाही. झाकण लावा, वर जाड टॉवेल टाका. एकदा ढवळा, गाळा, आणि मगच दूध.

किती वेळ मुरवायचा ते पुडीवर. आपली दाणेदार पूड म्हणजे सीटीसी. पान चिरडून, फाडून, वळवून तिचे दाणे करतात. विल्यम मॅकरचर यांनी १९३०च्या सुमारास आसामात हे यंत्र काढलं आणि आज इथल्या बहुतेक टी बॅगमध्येही याच जातीची पूड असते. म्हणजे सुनेसाठी लंडनहून काही मागवायची गरज नाही. दाणेदार पुडीला तीन-चार मिनिटं पुरे. मोठ्या पानाचा आसाम मिळाला तर पाच. डस्ट मात्र घेऊ नका. ती गाळणीतून उतरते आणि तळाशी गाळ बसतो.

खरी अडचण दुधाची आहे. तुमच्याकडे म्हशीचं, बोटभर सायीचं दूध असणार. इथं दूध बाटलीवरच्या रंगावरून ओळखायचं. निळं म्हणजे सगळी साय असलेलं, हिरवं म्हणजे अर्धी काढलेलं, लाल म्हणजे बिनसायीचं. घरोघरी जास्त करून हिरवं. तुम्ही गाईचं किंवा टोन्ड दूध घ्या, तापवा, साय काढा, फ्रिजमध्ये गार करा आणि कपात ओतताना पुन्हा गाळा. सायीचा एवढासा तुकडा वर तरंगला तरी तो कप संपायचा नाही.

दुधाचं प्रमाण विचारलंत तर ते चमच्यात सांगता येत नाही, इथं ते रंगात सांगतात. आमच्या वॉर्डात जुने खाणकामगार येतात. इथल्या कोळशाच्या खाणी कधीच बंद झाल्या, ही माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत, कुणाला दम, कुणाला गुडघे. मी कपात आधी चहा ओतते, मग दुधाचं भांडं वाकडं करून बारीक धार सोडते. पलंगावर उशीला टेकून ते त्या धारेकडे टक लावून बघत असतात. काळा चहा तपकिरी होतो, मग विटकरी होतो, आणि तेवढ्यात बोट वर येतं. तिथं थांबायचं. एक थेंब जास्त पडला तर ते काही बोलत नाहीत, पितातही, पण मला कळतं. तुमच्या सुनेचं बोट कुठं वर येतं ते पहिल्या दिवशीच बघून घ्या, मग महिनाभर काळजी नाही.

आणि आपला दोन घोटांचा कप काढू नका. मोठा मग द्या, काठोकाठ भरून. तुमचा आल्याचा चहासुद्धा तिला जरूर पाजा, संध्याकाळी, भज्यांबरोबर, साखर निम्मी करून. फक्त सकाळचा पहिला तिचा तिला द्या.

मावशी, मी हडर्सफील्डला शिकतो आणि एका छोट्या ऑफिसात अर्धवेळ काम करतो. मी कुणाला त्रास देत नाही, माझा चहासुद्धा मीच उठून करून आणतो. पण हल्ली सगळे माझ्याशी तुटक वागतात. परवा एकीनं हसत म्हटलं, "तुझ्यापुरताच का?" माझं काय चुकतंय? — एक विद्यार्थी

बाळ, तिनं तुला उत्तर सांगूनच टाकलंय.

किटली लावायला उठलास की खोलीभर ऐकू जाईल असं विचारायचं, "कुणाला हवाय?" मग ज्यांना हवा त्या सगळ्यांचा करून आणायचा. आणखी तासाभरानं दुसरं कुणी उठेल, तेव्हा तो तुझाही करील. ही पाळी कागदावर कुठं लिहिलेली नसते, पण प्रत्येकाच्या मनात तिचा हिशेब पक्का असतो. तुझा साहेबही त्यातून सुटत नाही. तू त्रास द्यायचा नाही म्हणून एकटा उठतोस, आणि त्यांना वाटतं की याला आपल्यात यायचंच नाही.

उद्या सकाळी पहिला तूच उठ. कोण दूध घेतं, कोण साखर, हे विचारून टिपून ठेव. पुष्कळ ऑफिसांत ही यादी कपाटाच्या दारावर चिकटवलेलीच असते. कुणाचा मग कुठला ते नीट बघ, दुसऱ्याच्या मगात स्वतःचा चहा घेणं इथं फार लागतं लोकांना. आणि बॅग घाईघाईनं बाहेर काढू नकोस, पूर्ण मुरू दे. फिक्क्या चहाचा ट्रे आणलास तर पुढच्या वेळी ‘नको’ म्हणतील, आणि हा नकार चांगला नसतो.

घर भाड्यानं घेतलंस आणि प्लंबर किंवा सुतार कामाला आला, तर त्याला पहिल्या पाच मिनिटांत चहा विचार. माझ्या शेजारणीनं मी इथं आले त्याच आठवड्यात मला हे बजावलं होतं आणि ते आजवर कधी खोटं ठरलेलं नाही.

इंग्लंडमध्ये चहा कसा करावा याचा म्हणे सरकारी नियम आहे. खरं का? आणि दूध आधी की नंतर? आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर यावरून रोज वाद होतो. — निवृत्त शिक्षक, नाशिक

सर, नियम नाही, पण मानक आहे. ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशननं १९८० मध्ये बीएस ६००८ नावाचं मानक काढलं. चिनी मातीचं भांडं, दर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, सहा मिनिटं मुरवणं, असं सगळं त्यात आहे. पण ते घरच्या चहासाठी लिहिलेलंच नाही. वेगवेगळ्या मळ्यांचे चहा चाखून पारखणाऱ्यांना सगळे नमुने एकाच रीतीनं तयार मिळावेत, एवढाच हेतू. सहा मिनिटं मुरवलेला चहा तुमच्या कट्ट्यावर कुणी पिणार नाही. या सहा पानी कागदाला १९९९ मध्ये इग नोबेल हे गमतीचं पारितोषिकही मिळालं.

दुधाचं भांडण मात्र जुनं आहे. बिहारमधल्या मोतीहारीला जन्मलेले लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी जानेवारी १९४६ मध्ये लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ दैनिकात चहाचे अकरा नियम दिले. चहा भारताचा किंवा सिलोनचा, कडक, बिनसाखरेचा, आणि आधी चहा, मग दूध, कारण ढवळत ढवळत दुधाचं प्रमाण ठरवता येतं. युद्धानंतरचे ते दिवस. चहा तेव्हा रेशनवर होता, माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम. १९४० मध्ये लागलेलं हे रेशन १९५२ पर्यंत चाललं. एवढ्या चिमटीवर घर चालवणाऱ्या लोकांना पुडीचा प्रत्येक चमचा कसा सार्थकी लावावा, हा जिव्हाळ्याचाच प्रश्न होता.

२००३ मध्ये, ऑर्वेल यांच्या जन्मशताब्दीला, रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं लफबरो विद्यापीठाच्या अँड्र्यू स्टेपली यांच्याकडून शास्त्रीय उत्तर मागवलं. त्यांनी उलट कौल दिला. दूध आधी. गरम चहात थेंब थेंब दूध पडलं की प्रत्येक थेंब एकदम तापतो, त्यातली प्रथिनं बिघडतात आणि उतू गेलेल्या दुधासारखा वास येतो. दुधावर चहा ओतला तर दूध हळूहळू तापतं.

माझं म्हणणं ऐका. किटलीत मुरलेला चहा असेल तर दोन्ही चालतं. मगात बॅग टाकून करत असाल तर दूध नंतरच. आधी घातलंत तर पाणी निवतं आणि बॅग नुसती दुधात भिजत पडते. हा तिसरा मुद्दा कट्ट्यावर मांडून बघा. मिठाचा मुद्दा मात्र काढू नका. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेनं चहात चिमूटभर मीठ सुचवलं, तर इथं एवढा गहजब झाला की लंडनच्या अमेरिकी वकिलातीनं थट्टेच्या सुरात का होईना पण पत्रक काढलं, हे काही आमचं अधिकृत धोरण नाही म्हणून.

मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलात ‘हाय टी’ला माणशी हजारो रुपये घेतात. खरा इंग्रजी चहा तो हाच का? — गृहिणी, ठाणे

नाही. तीन मजली थाळीतली सँडविचेस, स्कोन (छोटे गोडसर पाव) आणि केक म्हणजे दुपारचा चहा. बेडफर्डच्या डचेस ॲना यांच्यापासून, १८४०च्या सुमारास, श्रीमंतांत तो रूढ झाला असं मानतात. हाय टी ही कष्टकऱ्यांची संध्याकाळची जेवणाची वेळ. खाणीतून, गिरणीतून घरी आलेल्या माणसापुढं पाव, थंड मांस, ‘पाय’ म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ, आणि किटलीभर चहा. आमच्याकडे यॉर्कशायरमध्ये अजूनही संध्याकाळच्या जेवणालाच ‘टी’ म्हणतात, तेव्हा कुणी सहाला चहाला बोलावलं तर जेवून जाऊ नका. स्कोन गरम असतील आणि त्याबरोबर घट्ट क्लॉटेड क्रीम असेल तर हॉटेलात एकदा पैसे मोडायला हरकत नाही.

आमच्याकडे एक गृहस्थ ठासून सांगतात की इंग्रजांना चहा पोर्तुगीज राजकन्येनं शिकवला आणि तिच्याच हुंड्यात मुंबई गेली. दुसरे म्हणतात, चहा आपलाच, इंग्रजांनी चोरून नेला. कोण बरोबर? — इतिहासप्रेमी, वसई

दोघांकडेही अर्धं अर्धं सत्य आहे, आणि राहिलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे.

ब्रागांझाची कॅथरीन ही पोर्तुगालची राजकन्या. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी तिच्या लग्नाचा करार १६६१ मध्ये झाला, त्यात मुंबई आंदण म्हणून दिली गेली आणि १६६२ मध्ये लग्न लागलं. तुमची वसई त्यानंतरही, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकेपर्यंत, पोर्तुगीजांकडेच होती, तेव्हा ही गोष्ट तुमच्याकडे सांगितली जाते यात नवल नाही. कॅथरीनला चहाची सवय होती आणि तिच्यामुळे तो दरबारात मिरवू लागला. पण लंडनला तो तिच्या आधीच पोचला होता. नौदल खात्यातले अधिकारी सॅम्युएल पेपिस यांनी २५ सप्टेंबर १६६० च्या रोजनिशीत नोंद केली आहे की आज चहा मागवला, यापूर्वी कधी प्यायलो नव्हतो. राणीनं चहाला मान मिळवून दिला, एवढं श्रेय तिचं.

पुढची शंभर-सव्वाशे वर्षं तो कुलूपबंद डब्यात ठेवायचा जिन्नस होता. कर इतका बसवला की १७८४ च्या आधी तो ११९ टक्क्यांवर गेला होता. मग व्हायचं तेच झालं. चोरटा चहा किनाऱ्याकिनाऱ्यानं उतरू लागला, आणि भेसळही, दुसऱ्याच झाडांची पानं वाळवून, रंगवून. १७८४ मध्ये पंतप्रधान विल्यम पिट (धाकटे) यांच्या सरकारनं कर एकदम साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चहा सामान्यांच्या आवाक्यात येऊ लागला. कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या हातून पिकवलेली साखरही तोपर्यंत स्वस्त झाली होती. गिरणीत बारा-चौदा तास राबणाऱ्या कुटुंबाला पाव आणि गोड, गरम चहा हेच जेवण झालं.

आता चोरीचं. तेव्हा सगळा चहा चीनचा, आणि चीनला त्याच्या बदल्यात चांदी हवी असे. ती भरपाई इंग्रजांनी अफूनं केली. बंगालची अफू कलकत्त्याहून जायची आणि माळव्याची आपल्या मुंबईहून. मुंबईतल्या मोठमोठ्या घराण्यांनी त्यात पैसा केला. ज्यांच्या देणगीतून जे. जे. रुग्णालय उभं राहिलं ते सर जमशेटजी जीजीभॉयही या व्यापारातले होते. चीननं अफू रोखली, तर १८३९ ते १८४२ युद्ध करून ती त्यांच्या गळ्यात मारली. नंतर १८४८ मध्ये रॉबर्ट फॉर्च्यून हे वनस्पतितज्ज्ञ चिनी वेशात चीनच्या आतल्या भागात शिरले आणि चहाची रोपं, बी आणि कारागीरसुद्धा हिंदुस्थानात घेऊन आले. चोरी म्हणायची तर ही, आणि ती चीनची.

आसामचा चहा मात्र आसामचाच. तिथले सिंगफो लोक तो आधीपासून पीत होते. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस यांना त्याची माहिती मिळाली आणि १० जानेवारी १८३९ रोजी आसामच्या चहाच्या पहिल्या आठ पेट्या लंडनला लिलावात विकल्या गेल्या. पुढं मळे वाढत गेले, तसं छोटा नागपूर, ओडिशा, आंध्र इथून करारानं बांधून माणसं नेली गेली. वाटेत आणि मळ्यांवर हिवतापानं, पटकीनं किती जण गेले. करार मोडून पळालेल्याला धरून आणण्याचा मळेवाल्यांना कायद्यानंच अधिकार होता. इंग्रजांच्या चहाप्रेमाच्या गोष्टी सांगताना हे पान उलटून पुढं जायची रीत आहे. मला ते पटत नाही, म्हणून इथं लिहिते.

आणि या साऱ्यामुळेच इंग्रजांचा चहा आजचा झाला. चीनचा चहा हलका, त्यात दूध जास्त झालं की त्याची चव मरते. आसामचा आणि नंतर सिलोनचा चहा कडक, दूध पेलणारा, एका चमच्यात जास्त कप देणारा. एकोणिसावं शतक संपेपर्यंत चिनी चहा मागं पडला होता. आमच्या वॉर्डातले म्हातारे ज्याच्यासाठी बोट वर करतात तो विटकरी चहा मजुरांच्या घरी जन्मला, आणि मी त्यालाच खरा इंग्रजी चहा म्हणते. राजवाड्यातला नाजूक कप इंग्रजांनी पाहुण्यांना दाखवण्यासाठी ठेवलाय. घरी ते मगातच पितात.

आता इथल्या चहातला सगळ्यात मोठा वाटा केनियाचा असतो. आणि १९५३ मध्ये ब्रिटनमध्ये टी बॅग आणणारी टेटली कंपनी २००० साली टाटांनी विकत घेतली, हेही तुमच्या त्या दुसऱ्या गृहस्थांना सांगा.

मी पोफळीच्या वीजगृहात नोकरी केली. ऐकलंय की इंग्लंडमध्ये टीव्हीवरचा कार्यक्रम संपला की चहामुळे विजेची मागणी एकदम चढते. आमचे जुने सहकारी विश्वास ठेवायला तयार नाहीत. — एक निवृत्त कर्मचारी, चिपळूण

काका, त्यांना आकडाच द्या. ४ जुलै १९९० ला विश्वचषक फुटबॉलची उपांत्य लढत होती, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी. पेनल्टीवर इंग्लंड हरलं आणि टीव्हीसमोरून उठून सगळ्या देशानं किटल्या लावल्या. मागणी २,८०० मेगावॉटनं वाढली. तुमच्या कोयनेचे सगळे टप्पे धरून क्षमता १,९६० मेगावॉट. सगळी कोयना एकदम लागली असती तरी पुरली नसती.

इथली विजेची किटली साधारण तीन किलोवॉटची असते, आपल्याकडच्या दुप्पट. पाणी दोन-अडीच मिनिटांत उकळतं, आणि लाखो घरांत ते एकाच वेळी. त्यासाठी वीज मंडळाची माणसं टीव्हीच्या कार्यक्रमांवर नजर ठेवून बसायची. वेल्समध्ये डिनॉर्विगला डोंगराच्या पोटात वीजगृह आहे, तुमच्या ओळखीचंच दृश्य. १९८४ मध्ये ते सुरू झालं. रात्री स्वस्त विजेवर पाणी वरच्या तलावात चढवतात आणि अशी मागणी उसळली की काही सेकंदांत खाली सोडतात. आता लोक आपापल्या वेळेला कार्यक्रम बघतात, त्यामुळे या उसळ्या पूर्वीइतक्या मोठ्या राहिल्या नाहीत.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय, एवढं काय असतं चहात? मी जे रोज बघते ते सांगते. नातेवाइकांना वाईट बातमी सांगायची असली की नर्स मला आधी खूण करते. त्या खोलीत मी ट्रे घेऊन जाते, विचारलं नसलं तरी साखर घालून. कुणी तो पीत नाही, पण हातात धरून बसतात. प्रसूती विभागात बाळंतिणीला पहिल्यांदा देतात तो चहा आणि टोस्ट, आणि त्याची चव बायका पुढं वर्षानुवर्षं आठवतात. आणि अर्धांगवायूनंतर ज्यांना पातळ गिळता येत नाही, त्यांच्या चहात घट्ट करणारी पावडर घालावी लागते. तो चहा चमच्यानं भरवायचा असतो. चव फारशी राहत नाही, तरी तेवढ्या चार चमच्यांसाठी ती माणसं दुपारी तीनच्या गाडीची वाट बघत असतात. त्या पेशंटचा चहा मी सगळ्यात आधी करते, कारण पावडर घातल्यावर तो मुरायला वेळ लागतो आणि तोवर गार झालेला मला चालत नाही.

ताई, आम्ही पुण्याहून लंडनला आलो. तीच पूड, तेच प्रमाण, पण चहावर तेलकट तवंग येतो आणि चव मेल्यासारखी लागते. दूध बदलून पाहिलं, फरक नाही. — एक वाचक, लंडन

दूध नाही, पाणी बदला. लंडनचं पाणी चुनखडीच्या थरांतून येतं, जड असतं. तवंग तेलाचा नाही. लंडनच्याच इम्पीरियल कॉलेजातल्या मायकेल स्पायरो यांनी १९९०च्या दशकात याचा अभ्यास केला. पाण्यातला चुना आणि चहातली द्रव्यं पृष्ठभागावर हवेशी मिळून ती साय धरतात. आमच्याकडे पश्चिम यॉर्कशायरमध्ये, किंवा मँचेस्टरला, डोंगरातलं हलकं पाणी येतं, तिथं हा प्रश्न नाही. म्हणूनच इथल्या काही कंपन्या जड पाण्यासाठी वेगळा चहा विकतात, पुडक्यावर तसं लिहिलेलं असतं.

साधा जगमधला फिल्टर आणा आणि त्यातलं पाणी वापरा. पूड थोडी वाढवा, फिक्क्या चहावर तवंग जास्त येतो. बिनदुधाचा पीत असाल तर लिंबाच्या दोन थेंबांनी तो विरतो. किटलीच्या तळाशी पांढरा थर बसला असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घालून उकळा, तासभर तसंच ठेवा, घासू नका, ओतून द्या. मग नुसतं पाणी दोनदा उकळून फेका. खिडकी उघडी ठेवा, व्हिनेगरचा वास घरभर होतो.